रोटाचे गहू

सुंदरा गव्हाचं पातेलं घेऊन जेठाच्या, थोरल्या दिराच्या, रामदासच्या घरात शिरली आणि दारालगतच बसली. दीड वर्षानं ती हा उंबरा ओलांडत होती. तिथं पोराचं नाव घ्यायचं नाही, म्हणून वाटेत नवऱ्यानं, उखानं, तिला दोनदा बजावलं होतं, "गोपालनं नाव काढू नको. बलावनं धाडं, हाईच खूप शे." तो स्वतः आत आलाच नाही. ओट्यावर पाय सोडून, चपला न काढता बसून राहिला.

उद्या घरोघर कानबाई देवी बसणार होती. गुजरातेतल्या डिंडोलीत, खानदेशी गल्ल्यांमध्ये सकाळपासून मांडव आणि लाऊडस्पीकरची धांदल चालली होती. रोट, म्हणजे देवीचा गव्हाचा नैवेद्य, भाऊबंदांनी मिळून करायचे असतात, आणि त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. पाळण्यातला असो की परगावी गेलेला, त्याचं नाव घ्यायचं आणि मूठ सुपात टाकायची. मेलेल्याची मात्र काढत नाहीत. ज्याची मूठ नाही तो भाऊबंदात नाही, इतकं ते सरळ आहे. गेल्या वर्षी या दोन घरांत रोट झालेच नाहीत. तेव्हा नितीनला जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

नितीन हा रामदासचा थोरला. गोपाल रामदासच्या भावाचा, म्हणजे उखाचा. गोपालनं नितीनला मारलं. बमरोलीच्या एका यंत्रमाग कारखान्यात, भर पाळीत, लूमचा पाना डोक्यात घालून. पोलिसांच्या कागदावर कारण म्हणून 'जुने वैर' असं लिहिलंय. लिहिणाऱ्याचा हात कोण धरणार!

"आन इकडे," नितीनची आई म्हणाली. रुक्मिणी तिचं नाव. तिनं सूप मधे सरकवलं. रामदास खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता, तसाच बसून राहिला.

सुंदरानं पातेलं पुढे केलं. ती एका मुठीसाठी आली होती. पोरगा जेलात आहे, मेलेला नाही, आपल्यातून गेलेला नाही, एवढं तिला एकदा कुणाकडून तरी ऐकायचं होतं. आणि ते ऐकायचं कुणाकडून, तर जिचा पोरगा मेला तिच्याकडून. सुंदराला स्वतःचीच लाज वाटत होती, पण आशा काही सुटत नव्हती.

रुक्मिणीनं आधी आपल्या घरचे गहू घेतले. "मालकास्नं," म्हणत मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली. पुन्हा हात घातला, मूठ भरली आणि म्हणाली, "नितीननं."

सवयीनं बोलून गेली. सव्वीस वर्षं तो हात याच क्रमानं चालला होता. आधी नवरा, मग नितीन, मग धाकटा योगेंद्र. भरलेली मूठ सुपावर तशीच राहिली.

"टाक परत डब्यात," रामदास भिंतीकडे बघतच म्हणाला.

"कानबाईना नावनं उचलेल परत जात नही."

बाहेर मांडवात कुणीतरी "हॅलो, हॅलो" करून माईक तपासत होतं. सुंदरा खाली मान घालून बसली होती. तिला वाटलं, आता ही आपल्याला उठवून लावणार, आणि लावलं तर चुकणार नाही.

"दहा वरीस लूम चालाडी तुना पोरनी," रुक्मिणी म्हणाली. "मना नितीनले तुटेल तारनी गाठ मारानं त्यानीच शिकाडं. हात धरीसन."

"अक्का, राहू द्या."

"शेठ दर दिवाळीले म्हने, पुढला साल तू मास्तर. आनि करं कोनले? मना पोरले. फटफट गुजराती बोले ना तो." लूमवर मास्तर म्हणजे कारागिरांवरचा मुकादम. "मास्तर झाया आनि त्यानी दादा म्हननं सोडं. मी सांगं, घरमा दादा तर मिलमा बी दादा म्हन. तो हसे. त्या दिवशी सगळास्ना समोर काय बोलना, म्हाईत शे ना तुले? 'आवडतुं नथी तो घेर बेस.'"

काम येत नसेल तर घरी बस. ज्यानं शिकवलं, त्यालाच.

"म्हनीसन जीव लेवाना का?" रामदास ओरडला.

"नही. जीव लेवाना नव्हता." रुक्मिणी म्हणाली. "पन वैर बी नव्हतं. तेवढं खोटं लिखेल शे."

तिनं डोळे पुसले नाहीत. एक हात मुठीत अडकला होता आणि दुसरा तिला आठवला नसावा. ती सुंदराकडे वळली.

"हाई मूठ तुना पोरनी समज. नाव तू ले. मना तोंडमाईन निंघत नही."

याचसाठी सुंदरा आली होती. रात्रंदिवस ती याचाच विचार करत होती, आणि आता नुसतं तोंड उघडायचं होतं. तिनं मुठीकडे पाहिलं. बोटांच्या फटींतून एक-एक दाणा गळत होता.

"नितीन," सुंदरा म्हणाली.

मूठ उघडली. गहू सुपात पडले. रामदासनं पहिल्यांदाच मान वळवून भावजयीकडे पाहिलं.

रुक्मिणीनं योगेंद्रची मूठ टाकली. मग सुंदराचं पातेलं जवळ ओढलं आणि "उखाभाऊनं" म्हणत एक मूठ टाकली. मग थांबली. हात पातेल्यातच ठेवून सुंदराकडे बघत राहिली. पण गोपालच्या वाटची मूठ सुंदरानंच नितीनला देऊन टाकली होती; दुसरी मागायला तिच्याकडे तोंड उरलं नव्हतं. तिनं उरलेल्या गव्हांवर पदर ओढला आणि पातेलं मांडीवर घेऊन बसून राहिली.