पाळण्याची कडी

पुरात जुनं घर गेलं, तेव्हा ह्यांनी काल्हेरला नव्या घराच्या तीन खोल्या आखल्या: सासूबाईंची, आमची आणि पाळण्याच्या कडीसकट बाळाची. सातव्या महिन्यात बाळ गेलं, माझी गर्भपिशवीही गेली. दवाखान्यातून आल्यावर मीच म्हटलं, "दोन खोल्या बस झाल्या. तिसरीत कोन निजनार?" ह्यांनी मिस्त्रीला तेवढंच सांगितलं. मिस्त्रीनं दोनच खोल्या उभ्या केल्या. आज स्लॅब टाकायचा होता. वरून मिस्त्री ओरडला, "भाभी, पालने का हुक आपके कमरे में लगा दिया!" त्याला आमचं काही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "काढा ती कडी. स्लॅबमध्ये बसली तं निघायची न्हाय." हे पक्कड घेऊन वर चढले. सळ्यांना तारेनं बांधलेल्या कडीपाशी बराच वेळ बसले. मग तारेला आणखी एक पीळ दिला आणि म्हणाले, "डालो माल."