वेशीवर अडवलेली नात

दक्षिण चीनच्या डोंगरांतल्या आम्हा डोंग लोकांत पाहुण्याला वेशीवर बांबू आडवा धरून अडवतात. गाण्याला गाण्यानं उत्तर दिलं तरच आत सोडायचं. घरच्यांना कोणी अडवत नाही. पण आमची गाणी यंत्रावर धडधडवून शांघायला गाजलेली माझी नात पेइलान आली, तेव्हा बांबू मीच धरला.

"आजी, मी पाहुणी का गं?"

"गाणं गळ्यात आहे की त्या डबड्यात, ते कळू दे आधी!"

मी गायले, तिनं उत्तर दिलं. नवव्या कडव्याला मला उत्तर सुचेना.

शेजारीण कानाशी कुजबुजली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा हरलीस की गं म्हातारे!"

"मग हळू काय बोलतेस? पलीकडच्या गावाला ऐकू जाऊ दे. आणि कोणी हरवलं, तेही सांग!"