आखाजीचं सामान

"ही नापास," म्हणत नवल आबांनी सायकलच्या सीटमागची बॅग सोडून ओट्यावर आपटली.

तिच्यात ज्वारी भरून त्यांनी पांझरा नदीच्या काठाने, खड्ड्याखड्ड्यांतून एक चक्कर मारली होती. बॅग म्हशीच्या शेपटीसारखी इकडून तिकडे हलत होती. आबांनी माळ्यावरून जुन्या ट्यूबचा पट्टा काढला आणि बॅगेला दोन वेढे दिले. आता जागची हलेना.

"एवढी महागाची बॅग, आणि तिला ट्यूब?" त्यांचा मुलगा ललित कपाळाला हात लावून म्हणाला.

"मग? ट्यूबने आजवर दगा दिला नाही."

देवपूरच्या त्या घरात महिनाभर हेच चाललं होतं. कुरिअरवाला खोकी आणून आणून थकला. आबांचे गुडघे जिना चढताना कुरकुरायचे, आणि हा माणूस म्हणत होता, "या आखाजीला मी मुराळी म्हणून जाणार. सायकलवर. गुडघे पुरते बसायच्या आत एकदा तरी."

सासरी असलेल्या लेकीला सणाला न्यायला माहेरून येतो तो मुराळी. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो दारात आल्याशिवाय लेक पाऊल उचलत नाही. तरुणपणी आबा दरवर्षी बोदवडला बहिणीच्या, मंजुळाबाईच्या सासरी जायचे. काळी सायकल, हॅन्डलला पाण्याची छागल, कॅरिअरवर घडी घातलेली गोधडी. येताना मंजुळा मागे बसून गाणी म्हणायची. चढ आला की उतरून ढकलायची, आणि ढकलता ढकलता भावाला शिव्या द्यायची. काय दिवस होते ते! सांगताना आबांचा आवाज अजून ओला व्हायचा.

"गाडीने आणू की आत्याला," ललित म्हणाला.

"गाडीतून उतरतो तो मुराळी नसतो रे. तो ड्रायव्हर."

ललितने नाद सोडला. मदतीला राहिली त्याची बायको, दिपमाला. भर दुपारी तिने नवी प्लास्टिकची पाणपिशवी आणि आबांची जुनी कापडी छागल शेजारी शेजारी गच्चीत टांगली. तासाने दोघांनी चव घेतली.

"पिशवीतल्या पाण्यात चहापत्ती टाका, आबा."

"आणि छागल?"

"माठासारखं गार."

छागल पास. तंबूचीही परीक्षा झाली. आबा आत शिरले आणि घामाने निथळत बाहेर आले. "अरे बापरे! भट्टी शे ही, भट्टी!" तंबू परत गेला. मच्छरदाणी राहिली आणि गुंडाळायच्या दोन चटया राहिल्या.

मग एके दिवशी आबांनी गोणपाटाखालून दिपमालाची कॉलेजातली सायकल काढली. लग्नानंतर तिचा भाऊ रुपचंद ती माहेरून, धरणगावहून स्वतः चालवत घेऊन आला होता. रुपचंद अपघातात गेला तेव्हापासून सायकल झाकलेलीच होती. मागच्या आखाजीला ललितने "चल, मी सोडतो" म्हटलं होतं. "मुराळी नाही तर कसलं माहेर," एवढंच ती बोलली. तिने मांडे केले, सगळ्यांना वाढले आणि आईला, धुरपदाबाईंना, फोन करायला गच्चीवर गेली, ती बराच वेळ खाली आलीच नाही.

"ही कशाला, आबा?" तिने विचारलं.

"मागे बसवून आणायचं वय राहिलं का माझं? तिची तिने चालवावी."

"आत्याबाई? या वयात?"

"मंजुळा म्हणजे काय समजलीस! पोरांना मागे टाकायची ती." आबांनी पाना उचलला. "सीटची उंची तुझ्याएवढीच धरू. तूच चालवून बघ. सामानासकट."

दिपमाला रोज पहाटे सामान लादून नगावबारीपर्यंत जायची. पहिल्या दिवशी धाप लागली. दुसऱ्या आठवड्यात तिने आबांनाच मागे टाकलं, आणि पुलावर थांबून खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी घरातल्या कुणी तिचं हसू ऐकलं. आबा नुसते घाम पुसत राहिले.

"पण दुसरी सायकल बोदवडला न्यायची कशी?" ललितने विचारलं.

"ती काळजी माझी. आणि आत्याला कोणी फोन करायचा नाही, सांगून ठेवतो."

"दशम्या किती बांधू?" दिपमालाने विचारलं.

"अमळनेरला एक मुक्काम. तेवढ्या पुरे."

"बोदवड म्हणजे तीन दिवसांची वाट, आबा," ललित म्हणाला. "उपाशी जाणार का?"

"तू नको शिकवू रे मला वाटा."

आखाजी दोन दिवसांवर आली. पहाटे आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पांढरी टोपी घातली, छागल भरून हॅन्डलला टांगली. दिपमाला पाया पडली. आबा पायडल मारत निघाले, कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले.

तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. दुसरी सायकल भिंतीला तशीच टेकलेली होती. बॅगा बांधलेल्या, चटई गुंडाळलेली.

"अहो, आत्याबाईंची सायकल राहिली! बघा हो, किती विसरभोळे झालेत आबा."

ललित चप्पल शोधत होता तेवढ्यात दारात घंटी वाजली. आबाच होते. सायकल धरून फाटकाबाहेर उभे. स्वतःच्याच घराचं फाटक, पण आत पाऊल टाकेनात.

"विसरलात ना?" दिपमाला हसत पुढे झाली. "या, आत या."

आबा जागचे हलले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली.

"पाहुणा शे मी. आधी पायावर पाणी दे," ते म्हणाले. "धरणगावहून धुरपदाबाईनं धाडलंय. बेटा, मुराळी म्हणून तुले लेवाले उनू."