नऊ टाचण्या

मुलांनो, डोळ्यांसमोर इंग्लंडचा नकाशा आणा. भिंतीवर टांगलेला, कडा पिवळ्या पडलेला. त्यावर लाल डोक्याच्या नऊ टाचण्या आहेत. सहा उत्तरेला, यॉर्कशरच्या डोंगरांत, एकमेकींना खेटून. दोन पूर्वेला, हल बंदरात. आणि एक पार खाली, कॉर्नवॉलच्या टोकाला, एकटीच. बाकी नकाशाला बारीक भोकं आहेत. तिथेही कधीतरी टाचण्या होत्या.

एक टाचणी म्हणजे ऑसगार्थ आडनाव घेऊन जन्मलेला एक जिवंत माणूस. साऱ्या देशात नऊच उरले होते.

नकाशा विल्फकाकांचा. पंचवीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या चाळल्या, चर्चची दप्तरं उलटली, शेकडो पत्रं लिहिली. दर जूनमध्ये ते सगळ्या ऑसगार्थांना हार्नबी गावच्या सभागृहात जमवायचे. तो एक दिवस सोडला, तर त्यांच्या घरी वर्षभर एकच कप विसळला जायचा.

१९९४ च्या जूनमध्ये पहिल्यांदाच सगळेच्या सगळे आले. दारात विल्फकाका प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं लेबल घालत होते. तपकिरी पुठ्ठ्याचं, सुतळी ओवलेलं.

"काका, ही तर सामानाला लावायची लेबलं," हेटी म्हणाली. ती नऊ वर्षांची, ऑसगार्थांमधली शेंडेफळ. "आम्ही काय ट्रंका आहोत? टाचणीनं बिल्ले लावा ना!"

"टाचणीनं कपड्याला भोक पडतं."

"आणि तुमचं लेबल?"

"मला सगळे ओळखतात."

ते नेहमीसारखे ऊब घ्यायच्या स्टोव्हजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. दर वर्षी तिथेच उभे राहायचे. हेटी मागोमाग गेली. आडनावाची गोष्ट तिला पाठ होती, तरी तिला ती पुन्हा हवी होती.

"वर डोंगरात ऑसगार्थ नावाची वाडी होती," विल्फकाका म्हणाले. "आता तीन पडक्या भिंती आणि मेंढ्या. साथ आली, वाडी उठली, माणसं खाली उतरली."

"वाडीत सगळेच ऑसगार्थ?"

"एकही नाही. घरच्या घरात कोण कुणाला वाडीच्या नावानं हाक मारतं? खालच्या लोकांनी विचारलं, हा कुठला? तर ऑसगार्थचा. झालं. आडनाव आपलं आपण घेता येत नाही, हेटी. दुसऱ्यांनी द्यावं लागतं."

आपल्याकडेही पुणेकर पुणं सोडल्यावरच पुणेकर होतो. तसंच हे.

तेवढ्यात कथबर्ट ऑसगार्थांनी दोन टेबलं जोडून एक लांबलचक कागद उलगडला. ते हलचे, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. पूर्ण वंशवृक्ष काढून आणला होता. सगळे वाकून आपापलं नाव शोधू लागले.

"सगळे बसले, विल्फ. तू तेवढा राहिलास," कथबर्ट म्हणाले. "बोल, कुठल्या फांदीवर टांगू तुला?"

"मी गिरणीघरातला."

"गिरणीघरात जॉर्ज आणि मेबल. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी दप्तर पाहिलंय."

"चहा गार होतोय, कथबर्ट," अ‍ॅग्नेसआजी म्हणाल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या तीन गाड्या बदलून कॉर्नवॉलहून आल्या होत्या. "झाडाला पाणी नंतर घाल."

सगळे हसले. विल्फकाकांनी घाईनं कॅमेरा उचलला. "चला, फोटो. खिडकीतून ऊन येतंय तोवर."

फोटोचा नियम त्यांचाच. फोटोत फक्त जन्मानं ऑसगार्थ. सुना-जावई तेवढा वेळ स्वयंपाकघरात कपबश्या धुवायचे. फोटो विल्फकाका काढायचे, म्हणून चोवीस वर्षांच्या चोवीस फोटोंत ते कुठेच नव्हते.

"यंदा नाही चालायचं," कथबर्ट म्हणाले. त्यांनी तीन पायांचा स्टँड आणला होता. "कॅमेरा यावर ठेवू. बटण दाबलं की दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघतो. तू मधे बस."

"नको. माझे डोळे मिटतात फोटोत."

"बस रे!" दोघांनी त्यांना धरून मधल्या खुर्चीत बसवलं.

कथबर्ट कॅमेऱ्यामागे गेले. मोजणी खात्यातला माणूस, सवयीनं डोकी मोजू लागला. स्वतःला धरून दहा भरली. त्यांनी पुन्हा मोजलं. मग विल्फकाकांनी सभागृहाच्या भिंतीवर आणून लावलेल्या त्या नकाशाकडे पाहिलं.

"एक टाचणी कमी आहे, विल्फ. कुणाची?"

अ‍ॅग्नेसआजी आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

विल्फकाका खुर्चीतून उठले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी तंबाखूची चपटी डबी काढली आणि हेटीच्या हातात दिली. "तू वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

डबीत तपकिरी पुठ्ठ्याचं एक लेबल होतं. सुतळी कुजून तुटलेली. हेटीनं मोठ्यानं वाचलं, "विल्फ्रेड स्टब. वय सहा. लंडन. सप्टेंबर एकोणीसशे एकोणचाळीस."

"लंडनवर बॉम्ब पडणार म्हणून आम्हा बावीस मुलांना आगगाडीनं इथे धाडलं होतं," विल्फकाका म्हणाले. "याच सभागृहात रांगेत उभं केलं. गावातल्या लोकांनी सांभाळायला एकेक मूल निवडून नेलं. अंधार पडेपर्यंत स्टोव्हजवळ मी एकटाच उरलो होतो. मग गिरणीवरून मेबलबाई आल्या." ते कॅमेऱ्याकडे निघाले. "लंडनहून मला न्यायला पुढे कुणी आलं नाही. कथबर्ट, सरक. फोटो मीच काढतो."

हेटीनं लेबल उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिनं टेबलावरचं पेन घेतलं आणि जीभ दातांत धरून, सावकाश, नाव आणि आडनाव असे दोन शब्द लिहिले. मग स्वतःच्या लेबलाची सुतळी सोडवून त्यात ओवली, विल्फकाकांसमोर खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि ते त्यांच्या गळ्यात घातलं.