न जळालेलं घर

सिलिंडर फुटला आणि बजरंगच्या छपराचा पत्रा गिरक्या घेत गल्लीत आला. दावं तोडून पळणाऱ्या म्हशीच्या मानेत तो रुतला. म्हैस चार पावलं तशीच धावली, मग गुडघ्यांवर बसली. तिच्याकडं बघायला कुणी थांबलं नाही. बाराव्या घरानं पेट घेतला होता.

दुपारचे दोन वाजले होते. कडब्याच्या गंजीवर पडलेल्या ठिणगीला पश्चिमेचा वारा मिळाला आणि अर्ध्या तासात निम्मी गल्ली गेली. बीडहून निघालेला बंब अजून चौसाळ्यालाही पोचला नव्हता. घरं भिंतीला भिंत लावून उभी. सगळ्या गल्लीत खंड एकच, मनकर्णाच्या घरापलीकडची बैलगाडीपुरती बोळ. बोळीच्या पुढं माजी सरपंच सुंदररावांची माडी, आणि माडीमागं उरलेलं गाव.

"बोळ रुंद करा!" हैदर जेसीबीत बसूनच ओरडला. तो केजचा. शेजारच्या शिवारात विहिरीच्या कामाला आलेला, धूर बघून मशीन घेऊन धावला होता. "एक घर पाडावं लागंल. हिकडचं न्हाईतर तिकडचं."

सुंदररावांनी मागं आपल्या माडीकडं वळून बघितलंसुद्धा नाही. "तिकडं स्लॅब हाय. दोन तास जातील. हे मातीचं हाय, पाच मिनटांत बसतंय."

ते खोटं नव्हतं. हैदरनं मशीन मनकर्णाच्या दाराकडं वळवलं.

मनकर्णा उंबऱ्यावर उभी होती. तिच्या सासूला बायकांनी बाजेसकट बाहेर काढलं होतं. सहा हंगाम ऊस तोडून तिनं हे घर उभं केलं होतं, आणि ऊसतोडीचा कोयता आता तिच्या मुठीत होता.

"अक्का, सरका."

"माझं घर पेटलेलं न्हाई."

"दहा मिनटांत पेटंल."

"पेटू दे. आग नेईल तर नेऊ दे. तू कावून नेतो?"

हैदर खाली उतरला. त्यानं हात जोडले. "मागं शंभर घरं हायती, अक्का. लेकरं हायती." ती हलेना, तेव्हा तिला बाजूला करायला त्यानं हात पुढं केला. तिनं कोयता चालवला. कोपरापासून मनगटापर्यंत त्याचा हात उघडा पडला. हैदर आधी त्या हाताकडं बघतच राहिला, मग ओरडला.

चौघांनी तिला धरलं. एकानं केस मुठीत घेतले, एकानं मनगट पिरगळलं. बोटं कडाकडा वाजली तेव्हा कोयता सुटला. सुंदररावांनी तिच्या थोबाडीत मारली. "गाव मारती काय गं तुझ्या चार भिंतींपायी?" ती खाली पडली तरी कुणी तिचे केस सोडले नाहीत. तिला तसंच फरपटत समोरच्या पाराजवळ नेलं. तिच्या तोंडात माती आणि रक्त होतं.

गळ्यातला रुमाल हातावर करकचून बांधून हैदर पुन्हा मशीनवर चढला. पहिल्या धक्क्यात समोरची भिंत आत गेली. क्षणभर फळीवरची घासूनपुसून मांडलेली भांडी सगळ्या गावाला दिसली. दुसऱ्या धक्क्यात छपराचं आडं मोडलं, पत्रे खाली आले आणि भांडी दिसेनाशी झाली. तोवर मनकर्णा शिव्या देत होती.

हैदरनं लाकूडफाटा, दार, चौकट, सगळं ओढून मागच्या परसात नेऊन टाकलं. जमीन मोकळी झाली. एवढ्यात शेजारचं भागवतचं घर भडकलं. ज्वाळा मोकळ्या जागेवर वाकल्या, माडीकडं झेपावल्या, मागं आल्या. पुन्हा झेपावल्या. माणसं उडणाऱ्या ठिणग्यांवर माती फेकत राहिली. जळायला पुढं काहीच सापडेना, तशी आग जागीच बसत गेली.

"थांबली! थांबली रे!" कुणीतरी ओरडलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. सुंदररावांनी माडीच्या भिंतीवर तळवा ठेवला. भिंत तापली होती, पण उभी होती.

बंबामागोमाग चारच्या सुमाराला तलाठी आला. नाकाला रुमाल लावून त्यानं गल्लीतून एक फेरी मारली, नावं विचारून लिहून घेतली. शेवटचं भागवतचं नाव लिहून त्यानं पेनाला टोपण लावलं.

"माझं?" मनकर्णानं विचारलं. ती अजून पाराजवळच बसलेली होती.

तलाठ्यानं मोकळ्या जागेकडं बघितलं. "बाई, हा जळिताचा पंचनामा आहे. तुमचं घर जळालं कुठं? ते पाडलंय."

"लिवा की साहेब," हैदर म्हणाला. त्याच्या हातावरचा रुमाल काळा पडला होता. "मीच पाडलं. ह्या समद्यांनी बघितलं."

"नियमात बसत नाही. जळालेलंच लिहायचं असतं."

गर्दीतला एक जण मागं सरकला, त्याच्यामागं दुसरा. "बघू की मागनं," सुंदरराव म्हणाले. "अर्ज देऊ."

मनकर्णा उठली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता आणि उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. ती भागवतच्या घरात शिरली. बंबाचं पाणी न पोचलेल्या कोपऱ्यात एक वासा अजून रसरसत होता. तिनं तो डाव्या हातानं उपसला आणि ओढत बाहेर आणला. वाऱ्यावर आल्याबरोबर त्याच्या टोकानं भपकन पेट घेतला. माणसांनी आपोआप वाट दिली. सुंदरराव पुढं व्हायला निघाले आणि दोन पावलांवर थांबले.

परसातल्या आपल्या मोडक्या दारापाशी ती उभी राहिली. वाशाचं टोक तिनं दाराच्या फळीवर टेकवलं आणि तलाठ्याकडं बघितलं.

"आता लिवा."