पोचलं तेवढंच

“कोण आलंय?” टेबलावरच्या डबीतून बाबांनी विचारलं. खोकल्यासकट तोच आवाज.

थोरलीच्या हातातला पेला हातातच राहिला.

“थोरली आलीय,” आई म्हणाली.

“आली तशी जा म्हणावं.”

बाबा घड्याळजी. कान अधू झाले तेव्हा कानामागे यंत्र आलं. ते दिवसभराचं बोलणं साठवायचं आणि रात्री घरी चार्जिंगला लावलं की दूरच्या सर्व्हरवर पाठवायचं. बाबा गेल्यावर कंपनीने त्या साठ्यातून त्यांना या डबीत बोलतं केलं. आईला घर खायला उठलं होतं. तिने डबी आनंदाने आणली. वर थट्टाही करायची, आता निदान माझं ऐकून तरी घेतात. पथ्य एकच होतं. ते गेलेत हे त्यांना सांगायचं नाही. डोळ्यांना पट्टी आहे, पडून राहा, असं ती रोज समजावायची.

थोरली एका वाक्यासाठी आली होती. तिने बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी अबोला धरला होता. पण दवाखान्यात, अगदी शेवटी, त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, “माझा राग गेला गं.” देवाने जाता जाता ओंजळीत टाकलेलं ते दान तिला पुन्हा एकदा कानांनी ऐकायचं होतं.

कंपनीतल्या माणसाने तिला फोनवर हळुवारपणे सांगितलं होतं, की यंत्र फक्त घरच्या वायफायवरूनच पाठवतं. दवाखान्यातलं काही पोचलंच नाही, आणि यंत्रही तिथेच हरवलं. जे आलंच नाही ते कुठून काढून देऊ?

डबीतले बाबा दवाखान्यात कधी गेलेच नव्हते. त्यांचा राग होता तसाच होता.

थोरली डबीपाशी वाकली. आईने ओठांवर बोट ठेवलं, पण थोरलीला राहवेना.

“बाबा, तुम्ही मला माफ केलंय.”

“मी? कधी?”

“दवाखान्यात. माझा हात धरून.”

आईने घाबरून डबीवर तळवा ठेवला, कपाळाला लावावा तसा. 

“मी इतक्या सहज वाकणारा नाही,” बाबा सावकाश म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, अगदी त्या दिवशीसारखा, सर्व्हरवर कधीच न पोचलेला.

“म्हणजे मी गेलो का गं?”