जांभळ्या मेणबत्त्या

पातेल्यातल्या वितळलेल्या मेणात ब्रिजिताबायनं अंदाजानं उचललेल्या डबीतला रंग टाकला, ढवळून थेंब पांढऱ्या बशीत सोडला. थेंब गोठला. तिला तो काळपट दिसला. नाताळाआधीच्या आगमनकाळासाठी चर्चला जांभळ्याच मेणबत्त्या लागतात. आपले डोळे अधू झाल्याचं कळलं, तर फादर हे काम दुसरीलाच देतील.

“काय गं ग्रेटा, दातखीळ बसली? कसा आलाय रंग?”

सून घुटमळली. “निळा आलाय, आई.”

“तुझेच डोळे फुटलेत! तुझ्या जन्माआधीपासून रंगवतेय मी.” ब्रिजिताबाय कडाडली, पण तिनं बशी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

ग्रेटानं लाल रंगाची डबी सासूच्या हातात ठेवली. “चिमूटभर घाला. मिसळला की होईल जांभळा.”

नवा थेंब गोठला.

“आता?”

“आता जांभळा.”

“उद्यापासून माझ्याशेजारी बसायचं. अन् कुणी विचारलं, तर सांग, सासू फार राबवून घेते.”